मंद लिंकवर एनएफएस: टाइमआउट नेमका कुठून येतो?

अर्धविराम
दोन्हीकडे लिनक्स, मध्ये २ एमबीपीएसची लिंक, तिच्यावर वायरगार्डचं (व्हीपीएन) टनेल. लिंक मोकळी असताना पिंग २८० मिलिसेकंद. पलीकडचं एनएफएस (नेटवर्कवरची फाइल सिस्टिम) एक्सपोर्ट, म्हणजे शेअर केलेलं फोल्डर, इकडे माउंट केलंय, लोकल फोल्डरसारखं. एनएफएसस्टॅट -एम हे दाखवतं:

व्हर्स=३, प्रोटो=टीसीपी, हार्ड, टाइमिओ=६००, रिट्रान्स=२, आरसाइझ=१०४८५७६, डब्ल्यूसाइझ=१०४८५७६

आरसाइझ-डब्ल्यूसाइझ (एका विनंतीत जास्तीत जास्त किती बाइट वाचायचे-लिहायचे) मी दिलेले नाहीत, आपोआप ठरलेत. एलएस, छोट्या फाइल्स वगैरे ठीक. २०० एमबीची फाइल सीपीने टाकली की तीनेक मिनिटांनी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) "सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग", मग "ओके", मग परत तेच. तेवढ्यात दुसऱ्या टर्मिनलवर त्याच माउंटवर साधं एलएस मारलं तर तेही लटकतं. टाइमिओ १२०० केला तर संदेश उशिरा यायला लागला, बाकी ढिम्म फरक नाही.

हार्डऐवजी (उत्तर येईपर्यंत प्रयत्न करत राहणं) सॉफ्ट (ठरावीक प्रयत्नांनंतर एरर देणं) करू का? की यूडीपीवर जाऊ?

निवांत
मंद लिंक आणि वर सॉफ्ट? आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

पॅकेटवाला
आधी हिशोब मांडू, उत्तर त्यातच आहे.

२ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २,५०,००० बाइट, तेही हेडर वगैरे न धरता. तुमचा एक राइट १०,४८,५७६ बाइटचा. म्हणजे एकटा राइट लिंकवरून जायलाच ४.२ सेकंद घेतो. टाइमिओ म्हणजे उत्तराची वाट बघण्याचा काळ, तो सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, त्यामुळे ६०० म्हणजे ६० सेकंद. १६ राइट एकापाठोपाठ रांगेत लागले की शेवटच्याचा नंबर लागेपर्यंत ६७ सेकंद होतात. सर्व्हर ठणठणीत, लिंक ठणठणीत, तरी टाइमआउट.

आता तुमची तीन मिनिटं. टीसीपीवर लिनक्स क्लायंट प्रत्येक वेळी वाट बघण्याचा काळ टाइमिओइतकाच वाढवतो आणि "नॉट रिस्पॉन्डिंग" हा संदेश रिट्रान्स (पुन्हा प्रयत्नांची संख्या) संपल्यावर छापतो: ६० + २ × ६० = १८० सेकंद. तेवढ्यात तुमच्या लिंकवरून जातात ४५ एमबी. २०० एमबीच्या फाइलमधली त्याहून जास्त विनंत्यांची रांग लागली की संदेश येणारच. टाइमिओ १२०० केल्यावर हीच मर्यादा ३६० सेकंद, म्हणजे ९० एमबी. म्हणून उशिरा आला. दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला.

एलएस का लटकतं? त्याच सर्व्हरकडे जाणारं सगळं एकाच टीसीपी कनेक्शनवरून जातं. शंभरेक बाइटची, फाइलची माहिती विचारणारी गेटअ‍ॅटर विनंती त्या मेगाबाइटभर राइट्सच्या मागे उभी राहते. त्याच सर्व्हरची दुसरी माउंट असेल तर तीही.

वर व्हर्जन ३ मध्ये टाइमआउट झालेला राइट क्लायंट पुन्हा पाठवतो, म्हणजे भरलेल्या लिंकवर आणखी एक मेगाबाइट.

अर्धविराम
हे पटलं. मग एवढी रांग लावतंय कोण? सीपी तर एका वेळी एकच फाइल टाकतंय.

खोडकर_कर्नल
सीपी लिंकवर काहीच टाकत नाही, ते पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीत, टाकतं. व्हीएम.डर्टी_रेशिओ (मेमरीचा किती भाग अजून न लिहिलेल्या, 'डर्टी' डेटाने भरू द्यायचा) डीफॉल्टने २० टक्के असतो. १६ जीबीच्या मशीनवर दोनतीन जीबी "लिहून झालं" असं सीपीला सांगता येतं. मग कर्नल ते सगळं मिळतील तेवढ्या स्लॉटमधून (एक स्लॉट म्हणजे उत्तराची वाट बघणारी एक विनंती) बाहेर ढकलतो, आणि टीसीपीसाठी सनआरपीसीची (कर्नलमधला या विनंत्या पाठवणारा भाग) कमाल स्लॉट मर्यादा डीफॉल्टने ६५५३६ आहे. म्हणजे मर्यादा नाहीच म्हणा.

सीपी "शंभर टक्के" होऊन शेवटी अडकतं तेही यामुळेच: फाइल क्लोज करताना एनएफएस सगळा डेटा सर्व्हरवर पोचेपर्यंत थांबतं. २०० एमबीला या लिंकवर किमान १३-१४ मिनिटं लागणारच, ती कुठल्याही ऑप्शनने कमी होणार नाहीत.

आता सॉफ्ट. सॉफ्ट म्हणजे रिट्रान्स संपले की प्रोग्रॅमला ईआयओ (वाचणं-लिहिणं फसलं) एरर. पण राइट तर आधीच "यशस्वी" होऊन गेलेला असतो. एरर येते ती नंतर, एफसिंक (डेटा लिहून झाल्याची खात्री) किंवा क्लोजच्या वेळी. क्लोजचा निकाल न तपासणारे प्रोग्रॅम ढिगाने आहेत. निकाल: फाइल आहे, आकार बरोबर वाटतो, मधला तुकडा गायब, आणि कोणी तक्रार करत नाही. सॉफ्ट फक्त आरओ (फक्त वाचायच्या) माउंटवर, तेही वाचणारा प्रोग्रॅम एरर नीट हाताळत असेल तर.

बिनतारी
@खोडकर_कर्नल, पुस्तकी म्हणून बरोबर. पण हार्डवर लिंक पडली की डीएफ अडकतं, फाइल मॅनेजर अडकतो, शटडाउन अडकतं. डेस्कटॉपवर बसलेल्याला डेटा इंटेग्रिटी शिकवून उपयोग नाही, त्याचा माउस हलला पाहिजे. अशा ठिकाणी मोठा टाइमिओ देऊन सॉफ्ट हा व्यवहारी मार्ग आहे.

खोडकर_कर्नल
व्यवहारी मार्ग आहेत, पण सॉफ्टआधी हे बघा:

इंटर (अडकलेली प्रोसेस थांबवू देणाऱ्या) ऑप्शनची गरज कर्नल २.६.२५ पासून उरलेली नाही. हार्डवर अडकलेली प्रोसेस किल -९ ने मरते. कंट्रोल-सीने मरेलच असं नाही, -९ ने मरते.

नेहमी न लागणारी माउंट कायम लावून ठेवू नका. एफएसटॅबमध्ये (माउंटच्या यादीत) एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट (लागेल तेव्हाच माउंट) आणि एक्स-सिस्टिमडी.आयडल-टाइमआउट=६०० द्या. इथले ६०० मात्र सेकंद आहेत, टाइमिओसारखे दशांश नाहीत. सोबत _नेटडेव्ह (ही नेटवर्कवरची माउंट) आणि नोफेल (माउंट नाही झाली तरी बूट अडवू नको).

एवढं करूनही एरर हवीच असेल तर कर्नल ५.२ पासून सॉफ्टएरर आहे. वागणं सॉफ्टसारखंच, पण ईआयओऐवजी ईटाइमडआउट येतो, म्हणजे डिस्क मेली की लिंक हे प्रोग्रॅमला वेगळं कळतं. लिहिताना धोका मात्र तोच.

बिनतारी
ऑटोमाउंट मान्य. सॉफ्टवर आपलं जुळणार नाही, सोडून देऊ.

जुनाटर्मिनल
यूडीपीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. नको. ३२ केबीचा राइट यूडीपीवर एकच डेटाग्राम म्हणून जातो आणि १५०० च्या एमटीयूवर (एका पॅकेटाचा कमाल आकार) त्याची २३ फ्रॅगमेंट होतात. २३ पैकी एक हरवलं की सगळा डेटाग्राम फेकून पुन्हा २३ पाठवायची. एक टक्का पॅकेट लॉस असेल तर प्रत्येक पाचवा राइट वाया. शिवाय आयपीचा फ्रॅगमेंट क्रमांक १६ बिटचा, तो फिरून परत आला तर जुन्या डेटाग्रामचा तुकडा नव्याला चिकटू शकतो, आणि चेकसम दर वेळी पकडेलच असं नाही. लिनक्सने ५.६ पासून क्लायंटमधलं एनएफएस-यूडीपी डीफॉल्टने बंदच केलंय.

मंद लिंकसाठी यूडीपी हलकं, हा सल्ला ८ केबी राइट्सच्या आणि एकाच लॅनच्या काळातला. १९८९ च्या आरएफसी १०९४ मधल्या व्हर्जन २ ची मर्यादाच ८१९२ बाइट होती.

गंमतराव
एनएफएस म्हणजे "नक्की फाइल सापडेल?"

लॉगबघ्या
हिशोब झाला, आता मोजा. काहीही बदलायच्या आधी हे चालू करून कॉपी सुरू करा:

एनएफएसआयओस्टॅट ५ /माउंटपॉइंट

सोबत दुसऱ्या टर्मिनलवर पिंग. वाचायचं असं:

एव्हरेज आरटीटी म्हणजे विनंती निघाल्यापासून उत्तर येईपर्यंत. एव्हरेज एक्झी म्हणजे क्लायंटच्या आतली रांग धरून एकूण. एक्झी आरटीटीपेक्षा कितीतरी मोठा असेल तर रांग तुमच्याच मशीनमध्ये. आरटीटीही मोठा आणि पिंगही कॉपीदरम्यान २८० वरून चारपाच हजारांवर, तर रांग राउटरच्या बफरमध्ये. पिंग जागच्या जागी आणि आरटीटी मोठा, तर सर्व्हर बघा: डिस्क, नाहीतर एनएफएसडीचे (सर्व्हरवरच्या एनएफएस सेवेचे) थ्रेड कमी पडतायत.

एनएफएसस्टॅट -आरसी मध्ये रिट्रान्सचा आकडा कॉपीच्या आधी आणि नंतर लिहून ठेवा. नुसता आकडा निरर्थक, तो मशीन सुरू झाल्यापासूनचा असतो. फरक बघा.

आणि टीसीपीडंप लावणार असाल तर टनेलच्या इंटरफेसवर, पोर्ट २०४९, फाइलमध्ये लिहा. ती फाइल कृपया एनएफएसवर ठेवू नका. हसू नका, लोक ठेवतात.

अर्धविराम
मोजलं. राइटचा आरटीटी ४०,००० मिलिसेकंदांच्या वर, एक्झी त्याच्या तिप्पट. पिंग ३,८०० पर्यंत चढतो, कॉपी थांबवली की काही सेकंदांत २८० वर.

पॅकेटवाला
म्हणजे दोन्हीकडे रांग आहे, तुमच्या मशीनमध्येही आणि लिंकच्या तोंडाशीही. दोन्ही कापायच्या.

किती डेटा वाटेत असला पाहिजे? २,५०,००० × ०.२८ = ७०,००० बाइट. एवढ्याने लिंक पूर्ण भरते, त्याहून जास्त म्हणजे नुसती रांग. ३२ केबीच्या तीन विनंत्या ९८,३०४ बाइट होतात, झालं काम. म्हणून:

१) आरसाइझ=३२७६८, डब्ल्यूसाइझ=३२७६८. रीमाउंटने हे बदलत नाहीत, पूर्ण अनमाउंट करून पुन्हा माउंट करा आणि एनएफएसस्टॅट -एम ने खात्री करा. क्लायंट बरेच असतील तर सर्व्हरवरच /प्रॉक/एफएस/एनएफएसडी/मॅक्स_ब्लॉक_साइझ कमी करा, पण एनएफएसडी सुरू व्हायच्या आधी.

२) स्लॉट. व्हर्जन ३ साठी /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये
ऑप्शन्स सनआरपीसी टीसीपी_मॅक्स_स्लॉट_टेबल_एन्ट्रीज=८
४.१ च्या पुढे सेशनचे स्लॉट चालतात, त्यांची क्लायंटकडची मर्यादा डीफॉल्टने ६४. तिथे
ऑप्शन्स एनएफएस मॅक्स_सेशन_स्लॉट्स=८
आठाच्या खाली जाऊ नका. सगळे स्लॉट राइट्सनी अडवले की एलएस पुन्हा दाराबाहेर.

३) लिंकच्या तोंडाशी, टनेलवर नाही तर खालच्या खऱ्या इंटरफेसवर:
टीसी क्यूडिस्क रिप्लेस डेव्ह <इंटरफेस> रूट केक बँडविड्थ १८००केबिट
वेग लिंकच्या ९० टक्के, म्हणजे रांग राउटरऐवजी केकच्या (रांग सांभाळणारा लिनक्सचा क्यूडिस्क) ताब्यात येते. हे फक्त जाणाऱ्या दिशेला. वाचताना त्रास होत असेल तर हेच पलीकडच्या टोकाला लावावं लागेल.

आता ८ × ३२ केबी म्हणजे जास्तीत जास्त सेकंदभराची रांग. टाइमिओ ६०० वरच ठेवा.

जुनाटर्मिनल
यात भर: टाइमिओ फुगवण्याचा आणखी एक तोटा. लिनक्स क्लायंट टीसीपी कीपअलाइव्हचा (कनेक्शन जिवंत आहे का ते बघणारं पॅकेट) कालावधी टाइमिओवरूनच ठरवतो. ६०० असेल तर ६० सेकंदांनी कीपअलाइव्ह जातं. ६००० केलात तर दहा मिनिटांनी. मधला फायरवॉल किंवा नॅट त्याआधीच नोंद पुसून टाकू शकतो, आणि पुसल्याचं कोणालाच सांगत नाही.

पुढची गंमत व्हर्जन ३ ची. कनेक्शन तुटल्यावर क्लायंट मुद्दाम तोच सोर्स पोर्ट वापरून जोडायला बघतो, कारण सर्व्हरची डुप्लिकेट रिप्लाय कॅश (आधी दिलेल्या उत्तरांची नोंद) त्यावर अवलंबून असते. काही फायरवॉलना जुन्या नोंदीवर नवा सिन (कनेक्शन सुरू करणारं पॅकेट) दिसला की संशय येतो, ते टाकून देतात. "थोडा वेळ काम नाही केलं की माउंट गोठते, काही मिनिटांनी आपोआप सुटते" असं दिसलं तर हे तपासा.

कोपऱ्यातली_खुर्ची
धाग्यात घुसतोय. लक्षण वेगळं आहे: माउंट होते, छोट्या फोल्डरवर एलएस लगेच, मोठ्या फोल्डरवर कायमचं अडकतं. "ओके" कधीच येत नाही. लिंक मंद पण मोकळी, पिंग अगदी स्थिर. ३२ केबी करून फरक नाही. यातही टनेल आहे.

पॅकेटवाला
हा टाइमआउटचा नाही, एमटीयूचा मामला. छोटं उत्तर एका पॅकेटात मावतं, पोचतं. मोठ्या उत्तराची पूर्ण भरलेली पॅकेट वाटेत कुठेतरी मावत नाहीत, आणि "मावत नाही" सांगणारा आयसीएमपी (टाइप ३, कोड ४) कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली अडवलेला असतो. टीसीपी तेच पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत बसतो. आरसाइझशी याचा संबंध नाही, ३२ केबीसुद्धा पूर्ण भरलेल्या पॅकेटांतूनच जातात.

टनेलच्या आतल्या पत्त्यावर:
पिंग -एम डू -एस १३९२ <सर्व्हर>
वायरगार्डचा डीफॉल्ट एमटीयू १४२०, त्यातून २८ (हेडरचे बाइट) वजा. हे गेलं नाही तर आकडा कमी करत जा. जो सर्वात मोठा जातो त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. दोन्ही टोकांना तोच लावा. दोन्ही टोकं हातात नसतील तर मधल्या राउटरवर टीसीपीएमएसएस क्लॅम्प-एमएसएस-टू-पीएमटीयू (टीसीपीची पॅकेट वाटेत मावतील एवढी ठेवणारा नियम), किंवा डेटा पाठवणाऱ्या मशीनवर नेट.आयपीव्ही४.टीसीपी_एमटीयू_प्रोबिंग=१. तुमच्या बाबतीत पाठवणारा म्हणजे सर्व्हर.

कोपऱ्यातली_खुर्ची
१३९२ गायब, १३५२ जातं. एमटीयू १३८० केला. मोठं फोल्डर उघडलं. आभार!

गंमतराव
चाळीस बाइटांनी जीव घेतला होता.

सुतार_पक्षी
@कोपऱ्यातली_खुर्ची, उघडलं तरी एलएस -एल हळूच वाटेल, तो पुढचा अंक. तिथे बँडविड्थ नाही, फेऱ्या नडतात. २००० फाइल्स, प्रत्येकीची गेटअ‍ॅटर वेगळी गेली आणि फेरी ६०० मिलिसेकंदांची (भूस्थिर उपग्रहावर साधारण एवढीच असते), तर १२०० सेकंद, वीस मिनिटं. एमबीपीएस वाढवून यात काडीचा फरक पडत नाही.

उपाय: डीफॉल्टने फाइलचे अ‍ॅट्रिब्यूट ३ ते ६० सेकंद आणि डिरेक्टरीचे ३० ते ६० सेकंद कॅशमध्ये राहतात. दुसरं कोणी त्या फाइल्स बदलत नसेल तर अ‍ॅकटिमिओ=६०० द्या, हेही सेकंदच. नोसीटीओ (फाइल उघडताना ती बदलली का हे सर्व्हरला न विचारणं) फक्त वाचायच्या माउंटवर. कलर दाखवणारा एलएसचा अलियास काढा, तो रंगासाठी प्रत्येक फाइलला स्टॅट करू शकतो. तेच तेच वाचायचं असेल तर कॅशफाइल्सडी (लोकल डिस्कवर कॅश ठेवणारी सेवा) चालू करून एफएससी ऑप्शन.

पायवाट
सगळं वाचलं. मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही: २ एमबीपीएसवर एनएफएस कशाला? आरसिंक एसएसएचवरून, --पार्शल --बीडब्ल्यूलिमिट=२००, विषय संपला. लिंक पडली तर तिथूनच पुढे चालू.

सुतार_पक्षी
फाइल इकडून तिकडे टाकायची असेल तर शंभर टक्के मान्य. फक्त एनएफएस माउंटवर आरसिंक चालवू नका. दोन्ही पाथ लोकल दिसले की ते पूर्ण फाइलच कॉपी करतं, आणि चेकसम मागितलात तर पलीकडची अख्खी फाइल लिंकवरून वाचून आणतं. फायदा हवा तर पलीकडच्या मशीनवरही आरसिंक चाललं पाहिजे.

खोडकर_कर्नल
आणि पलीकडे लॉगिनच नसेल, किंवा प्रोग्रॅमला पाथच हवा असेल, तर माउंटला पर्याय नाही. अशा वेळी निदान ४.१ किंवा ४.२ घ्या. व्हर्जन ३ मध्ये १११ चा आरपीसीबाइंड, माउंटडी, लॉक, स्टॅट असे सगळे पोर्ट उघडावे लागतात, ४ मध्ये २०४९ एकटा पुरतो. ४ मध्ये कनेक्शन शाबूत असताना क्लायंट विनंती पुन्हा पाठवत नाही, म्हणजे पॅकेटवाल्यांनी सांगितलेला राइट्सचा गुणाकार बंद. आणि ४.१ च्या सेशनमुळे कनेक्शन तुटून विनंती पुन्हा गेली तरी ती दोनदा अमलात येत नाही. व्हर्जन ३ मध्ये आरएमने फाइल काढली, उत्तर हरवलं, पुन्हा पाठवलं आणि "अशी फाइल नाही" आलं, हे मंद लिंकवर होऊ शकतं.

एनकनेक्ट (एकाच सर्व्हरला अनेक टीसीपी कनेक्शनं) कोणी सुचवायच्या आत: नको. कनेक्शनं वाढवून ही लिंक रुंद होत नाही.

अर्धविराम
केलं ते असं: व्हर्स=४.२, ३२७६८ दोन्हीकडे, सेशन स्लॉट ८, केक १८०० केबिटवर. २०० एमबी साधारण सोळा मिनिटांत गेली, डीमेसेज गप्प. कॉपीदरम्यान पिंग ३४० च्या आसपास, एलएस दीडएक सेकंदात.

एक राहिलं. सीपी अजूनही लगेच "संपतं" आणि मग क्लोजवर पंधरा मिनिटं बसतं. प्रोग्रेस बार खोटा वाटतो. व्हीएम.डर्टी_बाइट्स कमी करू?

लॉगबघ्या
चालेल, पण ती सेटिंग सगळ्या मशीनला लागते. १६ एमबी ठेवलीत तर लोकल डिस्कवरचं लिहिणंही त्याच कुंपणात येतं.

खोडकर_कर्नल
त्या माउंटपुरतं करता येतं. माउंटपॉइंट -डी /पाथ ने ०:५३ असा काहीतरी क्रमांक मिळेल. मग /सिस/क्लास/बीडीआय/०:५३/ मध्ये मॅक्स_रेशिओ (डर्टी मेमरीतला त्या माउंटचा वाटा, टक्क्यांत) १ करा. नुसत्या त्याने भागत नाही: एकूण डर्टी मेमरी मर्यादेपासून लांब असेपर्यंत कर्नल कोणालाच अडवत नाही. कर्नल ६.२ पासून तिथेच स्ट्रिक्ट_लिमिट आहे, ते १ केलं की मॅक्स_रेशिओ खरोखर पाळला जातो. अनमाउंट केलं की दोन्ही गेले, त्यामुळे माउंटनंतर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाका. ऑटोमाउंट असेल तर क्रमांक दर वेळी बदलू शकतो, स्क्रिप्टमध्ये ०:५३ असं थेट लिहू नका.

बिनतारी
आणि मॉनिटरिंगची स्क्रिप्ट दर मिनिटाला डीएफ मारत असेल तर तिथे डीएफ -एल करा. ऑटोमाउंटची आयडल-टाइमआउट का लागू होत नाही म्हणून विचारायला इथेच याल.